मागची बाजू

दर गुरुवारी दहा वाजता
मी थंडर बेच्या त्या वृद्धनिवासात जाते.
चाकांच्या पेटीत कात्र्या, रोलर, ड्रायर
आणि मुठीचा एक छोटा आरसा.
तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या खोलीशेजारी
एक बेसिन आहे. त्यालाच तिथे सलून म्हणतात.

लेम्पी हाउताला, वय एक्क्याण्णव.
तरुणपणी जंगलात, लाकूडतोड्यांच्या तळावर
साठ माणसांचा स्वयंपाक करायची.
पहाटे चारला चूल. कुणी अर्धपोटी उठलं
तर दिवसभर जिवाला लागायचं तिच्या.
हे तिनंच सांगितलेलं, बोलायची तेव्हा.

ऑक्टोबरात पहिल्यांदा माझ्या हाताला लागला
डोक्याच्या मागे, उशी टेकते तिथे,
गुंता. सुपारीएवढा.
मी तो तसाच ठेवला.
पुढून विंचरलं, भांग पाडला, निळी रिबीन लावली,
कारण रविवारी मुलाचा फोन येतो
आणि फोनच्या पडद्यावर माणूस पुढूनच दिसतं.

पुढच्या गुरुवारी लिंबाएवढा.
त्याच्या पुढच्या गुरुवारी मी मागे हातच नेला नाही.
केसानं गळा कापतात म्हणे.
मी तर रिबीन बांधत होते.

मग नोव्हेंबर, सरोवरावरून येणारा बोचरा वारा.
मी तिची मान बेसिनवर टेकवली, नळ सोडला,
आणि लेम्पीनं तोंड वळवलं
आणि केसांवरून ओघळणारं पाणी
जिभेनं टिपायला लागली.
साबणासकट.

मी नळ बंद केला. ती नळाकडे बघत राहिली.

तिच्या खोलीत ग्लास होता, काठोकाठ भरलेला,
खिडकीच्या कठड्यावर, पलंगापासून चार पावलं.
पाण्यावर धुळीची साय.
मोजा काढायला गेले तर टाचेची कातडी सोबत येऊ लागली.
दारामागच्या तक्त्यावर सगळे रकाने भरलेले:
अंघोळ, पाणी, कूस बदलली.
शुक्रवारचेसुद्धा.
आणि त्या दिवशी गुरुवार होता.

चादरींच्या ढिगावर बसून मॅरिव्हिक पाव खात होती.
सलग चौदावा तास. एकतीस माणसं, दोघी जणी.
"खुणा आधीच करून ठेवते," ती म्हणाली,
"निदान खुणा तरी वेळेवर होतात."
मला तिच्यावर रागावता आलं नाही.
मी कोण लागून गेले?

मॅनेजरबाईंनी खुर्ची दिली, कॉफी दिली.
म्हणाल्या, या वयात तहान मरतेच.
मी म्हटलं, मेलेली तहान
साबणाचं पाणी पीत नाही.

ज्या वहीत मी पर्म आणि रंगाच्या तारखा लिहिते
तिच्यात लिहिलं: वार, वेळ, ग्लास, टाच, शुक्रवार.
तक्रारीचा नंबर भिंतीवर होता,
नेच्याच्या कुंडीमागे. कुंडी सरकवली.
मग तिच्या मुलाला फोन लावला, कॅल्गरीला.
"पण रविवारी तर छान दिसत होती," रेयो म्हणाला.
"मी दाखवत होते," मी म्हटलं.

मंगळवारी तपासनीस आले. गुरुवारी रेयो.
मी खुर्ची फिरवली,
आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला शेवटी धरते तसा
मागे आरसा धरला.
या वेळी गिऱ्हाईक तो होता.
"मागून बरं आहे ना?" हे नेहमीचं वाक्य
ओठांवर येऊन परत गेलं.

गुंता कापायचा नाही, असं आमचं ठरलं.
खोबरेल लावून, सुईच्या टोकानं, बट बट मोकळी करत
अडीच तास गेले. रेयो ग्लास धरून बसलेला,
ती नळीनं पीत होती, थांबत, पुन्हा पीत.
मधेच ती फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटली.
रेयोनं बराच वेळ मान वर केली नाही.
"विचारतेय," तो म्हणाला,
"तुमचं जेवण झालंय का."

रिबीन पेटीतच राहिली.

बाहेर मिसेस प्रिचर्ड रांगेत होत्या,
कपाळावर भांग अगदी सरळ.
मी आधी त्यांची खुर्ची फिरवली.